बिबळ्याच्या लाकडी फुलदाणीत गाभ्याचा रंग पांढऱ्या भागावर उतरतो, उपाय काय?

दांडियाबाजार_खराद
लातीतून (लाकडाच्या वखारीतून) बिबळ्याच्या झाडाचा (इथे बडोद्यात बियो म्हणतात) ओला ओंडका आणलाय. गाभा मधासारखा तपकिरी, त्यात काळपट रेघा, बाहेर २ सेंमी पांढरं लाकूड. खरादावर (लेथवर) कातायची फुलदाणी २८ सेंमी उंच, पोट १६ सेंमी, आणि खांद्यावर तो पांढरा पट्टा राखायचा आहे. सरावाच्या तुकड्यावर तीन भानगडी झाल्या. पॉलिशपेपर मारताना पट्टा पिवळा पडला आणि चपडीचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) हात दिल्यावर आणखी मळला. बुडाला मधोमध चीर गेली. आत १५ सेंमीच्या पुढे हत्यार थरथरतं. ताजी फुलं ठेवता येतील का, हेही सांगा.

चपडी_आणि_चंद्रस
बिबळ्याचा रंग पाण्यात सुटतो आणि स्पिरिटमध्येही. विजयसारचे पेले म्हणून विकतात ते याच गाभ्याचे. रात्रभर पाणी ठेवलं की तपकिरी होतं आणि उजेडात निळसर झाक मारतं. तुम्ही कापडाने चपडी फिरवता तेव्हा स्पिरिट तोच रंग ओढून पांढऱ्यावर नेऊन ठेवतं. हातात चपडी घेण्याआधी बुडाशी स्पिरिटचा बोळा घासून बघा, किती पिवळा होतो ते.

क्रम असा ठेवा. शेवटचा हात ताज्या धारेच्या गौजने (पन्हळीसारख्या पात्याच्या हत्याराने), पोटाकडून मानेकडे आणि पोटाकडून बुडाकडे, म्हणजे मोठ्या व्यासाकडून लहानाकडे. तंतू उचकटले नाहीत तर १२० नंबरची गरजच पडत नाही, १८० पासून सुरुवात होते. पेपर लावण्याआधी १०० मिली स्पिरिटमध्ये १० ग्रॅम मेण काढलेली चपडी विरघळवून बारीक ब्रशने फक्त पांढऱ्या पट्ट्याला द्या, गाभ्यापासून २ मिमी अलीकडे थांबा. मग गाभ्याची भुकटी पट्ट्याच्या छिद्रांत न शिरता वर बसते आणि हवेच्या फवाऱ्याने उडते. १८०, २४०, ३२०, दर नंबरनंतर हवा. ओला पेपर अजिबात नको, घामेजलेला हातसुद्धा नको. चपडीचे शेवटचे थर फवाऱ्यानेच. पहिले दोन इतके पातळ की पडता पडता सुकावेत.

पाणी थेट ओतू नका. आत काचेची नळी बसवा, नाहीतर सुकी फुलं.

भेंड_टाळा
बुडाच्या चिरेचं कारण भेंड, म्हणजे ओंडक्याच्या ऐन मध्यातला मऊ भाग. लाकूड वाळताना वलयाच्या दिशेने जितकं आकसतं ते त्रिज्येच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं, आणि भेंडेभोवतीच्या पूर्ण वर्तुळाला मोकळं व्हायला जागाच नसते. म्हणून ते फाटतं. डिंक, भुसा भरून चीर लपते, थांबत नाही.

ओंडका ४० सेंमीच्या आसपास जाड असेल तर भेंडेच्या एका बाजूने ठोकळा काढा. पांढरा पट्टा मग एकाच अंगाला येतो. माझ्या मते गोल गोल पट्ट्यापेक्षा तेच देखणं दिसतं. ओंडका बारीक असेल तर बुडात २५ मिमीचं आरपार भोक पाडून भेंड काढा आणि लाकूड वाळल्यावर बिबळ्याचीच, उभ्या तंतूंची गुडदी (बूच) बसवा.

आधी कच्चं काता, भिंत १६ ते १८ मिमी ठेवून. दोन्ही टोकांना मेण, कागदी पिशवीत सावलीत. दर आठवड्याला वजन लिहा. तीन आठवडे काटा हलला नाही की लाकूड वाळलं, पण हे बडोद्याच्या पावसाळ्यात खरं धरू नका. श्रावणातल्या दमट हवेत वजन स्थिर झालेलं लाकूड मे महिन्यात परत आकसतं. पक्का कात दिवाळीनंतर.

कातारी_लेथ
थरथरीबद्दल. हत्यार टेकूपासून १५ सेंमी बाहेर गेलं की त्याचा १२ मिमीचा दांडा हमखास नाचतो. त्या खोलीला २० मिमीचा घ्या. आधी ३२ मिमीचं भोक २६ सेंमी खोल, दर २ सेंमीला गिरमीट बाहेर काढून, कारण भुसा दाटला की तापून आत भेग पडते. उभ्या तंतूंत आतून कातताना मधून बाहेर या, उलट गेलात तर तंतू फाटतात. पकडीची खुंटी ५० मिमी व्यासाची, ८ मिमी लांब. तिचं टोक चकच्या (काम पकडणाऱ्या जबड्यांच्या) तळाला टेकायला नको, खांदा जबड्यावर बसायला हवा. तरी थरथरलं तर मान वेगळी कापून पोट रुंद तोंडाने कोरा आणि सांधा खाचेत लपवा. मास्क लावाच, ही धूळ नाकाला झोंबते.

दांडियाबाजार_खराद
संखेड्याची (लाखेच्या लाकूडकामाचं गाव) लाखेची कांडी चालेल का? तिच्यात स्पिरिट नसतं.

चपडी_आणि_चंद्रस
चालेल, आणि रंग ओढायला द्रावणच नसल्याने पट्टा मळणार नाही. रंगीत कांडी नको, ती रेघा झाकेल, बिनरंगाची घ्या. फिरत्या कामावर दाबून घर्षणाच्या उष्णतेनेच वितळवायची, मग केवड्याच्या पातीने सारखी करायची. फक्त लाख स्वतः पिवळसर असते, पांढरा पट्टा साईच्या रंगाचा होईल.