जानेवारीत आईवडिलांसह इजिप्त: नऊ दिवसांची आखणी कशी करावी?

कृष्णाकाठ:
नमस्कार. २०२७ च्या संक्रांतीनंतर आईवडिलांना इजिप्त दाखवावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. वडील बहात्तर वर्षांचे असून निवृत्त इतिहास शिक्षक आहेत. आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिचे दोन्ही गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. येण्याजाण्याचे दिवस सोडून हातात नऊ दिवस उरतात. एका प्रवासी कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल आणि शेवटी लाल समुद्रावरचे हुरघाडा अशी सहा ठिकाणे याच नऊ दिवसांत कोंबली आहेत. ते वाचून आईने "मी घरीच बरी" असे जाहीर केल्यामुळे आता आखणी स्वतःच करायची आहे. वाळवंटी देश म्हणून गरम कपडे फारसे लागणार नाहीत, हे खरे आहे का? आईला कोणती थडगी पाहणे झेपेल? नाईलवरची क्रूझ घ्यावी का? वडिलांचा प्रश्न वेगळाच आहे: सातवाहनांच्या काळी आपल्याकडचा माल तिकडे जात असे, त्याची काही खूण तिथे पाहायला मिळते का?

दूरदेशी:
मी दोनदा जाऊन आलो आहे, एकदा आईला घेऊन, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सहापैकी अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा आजच खोडून टाका. अलेक्झांड्रियात जानेवारी हा पावसाळी महिना असतो, आणि समुद्रस्नानासाठी कोणी आईवडिलांना इजिप्तला नेत नाही. कैरोला तीन, लक्सरला चार आणि अस्वानला दोन दिवस द्या. लक्सरला चार दिवस हे ऐकून लोक भुवया उंचावतात. पण एवढ्या लांब जाऊन पाहायचे ते मुख्यतः तिथेच आहे आणि ते सकाळी तीन-चार तासच नीट पाहता येते.

थंडीबद्दल मात्र गैरसमज नको. लक्सरला जानेवारीत दुपारी बावीस-तेवीस अंश असते, पण पहाटे पारा पाच-सहापर्यंत उतरतो. निफाडची पहाट आठवा आणि तिच्यात दगडी फरशीची, हीटर नसलेली खोली मिसळा. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि आईंसाठी शाल घेतलीच पाहिजे. सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि स्थळेही हिवाळ्यात लवकर बंद होतात, त्यामुळे न्याहारी रेंगाळत करण्याची सवय तेवढे दिवस मोडावी लागेल.

आता गुडघे. लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात आणि ती कोणती, हे आपणच निवडायचे असते. मार्गदर्शक सांगेल त्यात आपले गुडघे नसतात. तिसऱ्या थुतमोसचे थडगे तुमच्या आईंनी पाहू नये, कारण आधी उभ्या लोखंडी जिन्याने कड्यावर चढायचे आणि मग तितकेच आत उतरायचे असते. त्याऐवजी चौथ्या रामसेसचे थडगे घ्या. ते प्रवेशद्वाराजवळ आहे, रुंद आहे आणि आतला उतार सौम्य आहे. तोंडाशीच भिंतीवर ख्रिस्ती काळातल्या लोकांनी कॉप्टिक लिपीत लिहून ठेवलेला मजकूर दिसतो, आणि शेवटच्या दालनात छतावर आकाशाची देवी नूत आडवी पसरलेली आहे. तिच्याखाली ग्रॅनाइटची एवढी प्रचंड शवपेटी आहे की ती आत आणली कशी, हाच प्रश्न आधी पडतो. माझी आई तिथे बाकड्याशिवाय, भिंतीला न टेकता, वीस मिनिटे वर पाहत उभी होती आणि गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. नवव्या रामसेसचे थडगेही असेच सोपे आहे. सहाव्या रामसेसचे वेगळे तिकीट काढावे लागते, पण छतासाठी ते काढाच. तुतनखामुनचे थडगे लहान असून सोळा पायऱ्या उतरून जावे लागते. त्याची ममी अजून तिथेच आहे. थडग्यातल्या वस्तू मात्र कैरोला लागून असलेल्या गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्णपणे खुले झाल्यापासून पाच हजारांहून अधिक वस्तू प्रथमच एकत्र मांडल्या गेल्या आहेत. राजांच्या ममी पाहायच्या असतील तर त्या तिथे नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये बावीस ममींची मिरवणूक निघाली, ती जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या संग्रहालयात गेली. बरेच लोक ही दोन संग्रहालये एकच समजून हळहळत परततात.

खुफूच्या पिरॅमिडच्या आत आईंना नेऊ नका; वर जाणारा बोळ जेमतेम चार फूट उंच आहे आणि तो वाकूनच चढावा लागतो. बाहेरून पाहणे पुरेसे आहे. वडिलांसाठी एक सकाळ कैरोजवळच्या सक्काराला ठेवा. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड हा त्या सगळ्या वंशावळीतला थोरला आहे आणि तिथे गर्दीही कमी असते. गिझाला उंटावर बसण्याचा मोह झाला, तर चढण्याचे आणि उतरण्याचे मिळून पैसे आधी ठरवा. मी फक्त चढण्याचे ठरवले होते, हे मला उंटावर बसल्यानंतर समजले.

क्रूझ मी घेणार नाही. लक्सरहून गाडी करून वाटेत एडफू आणि कोम ओम्बोची देवळे पाहत एका दिवसात अस्वानला पोहोचता येते.

निवांत:
क्रूझबद्दल मी दूरदेशी यांच्याशी सहमत नाही. ज्यांना रोज बॅगा भरणे, गाडीत बसणे आणि नव्या खोलीत जिना आहे का हे पाहणे यांचाच त्रास होतो, त्यांच्यासाठी तीन-चार रात्री एकाच खोलीत राहून देवळे आपल्याजवळ येऊ देणे ही मोठी सोय आहे. कोम ओम्बोचे देऊळ तर धक्क्यापासून अगदी जवळ आहे. मात्र दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. मुक्कामी बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, त्यामुळे किनाऱ्यावर जायला शेजारच्या दोन-तीन बोटींच्या स्वागतकक्षांतून चालावे लागते. मधल्या फळीवर आईंचा हात धरा. आणि "नाईलदर्शन" म्हणून जादा पैसे भरून घेतलेल्या आमच्या खोलीच्या खिडकीतून एडफूच्या मुक्कामात फक्त शेजारच्या बोटीतले एक जर्मन आजोबा दाढी करताना दिसत होते. खोली वरच्या मजल्यावरची मागा. एडफूला घोडागाडीऐवजी रिक्षा करा; तिथल्या घोड्यांची अवस्था बघवत नाही.

अबू सिंबेल अस्वानहून सुमारे दोनशे ऐंशी किलोमीटर आहे आणि पहाटे चारला निघावे लागते. तरीही वडील इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून सांगतो, ते गाळू नका. अस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली जाणारी, डोंगरात कोरलेली तिथली देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे पासष्ट मीटर उंचावर पुन्हा रचली आहेत. आईंना त्या दिवशी अस्वानला नाईलकाठी बसू द्या. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे, असे थोडेच आहे?

खलबत्ता:
शाकाहारी माणसाची इजिप्तमध्ये उपासमार होत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा; लसूण आणि व्हिनेगरचे पाणी शेजारी वेगळे देतात आणि ते जपून घालायचे असते. सकाळी फूल, म्हणजे मऊ शिजवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांची उसळ, आणि त्याच दाण्यांची हिरवी भजी, ताअमिया. फसगत होते ती मुलुखियात. दिसते ती पालेभाजीच, पण बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्शात शिजवलेली असते, म्हणून "भाजीच आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. करकदे हे लाल सरबत मात्र निर्धास्तपणे प्यावे. ती आपल्या लाल अंबाडीचीच फुले आहेत.

गुडघेदुखीवरून एक महत्त्वाची सूचना. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी चुकूनही बरोबर नेऊ नका. आपल्याकडे ती डॉक्टर सहज लिहून देतात, पण इजिप्तमध्ये तिच्यावर कडक निर्बंध आहेत आणि ती बाळगल्यामुळे पर्यटकाला तुरुंगवास झाल्याचे उदाहरण आहे. इतर औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडकीवर बहुधा रोख पैसे घेत नाहीत, कार्डच लागते. सुट्या नोटा लागतात त्या बक्षिशीसाठी. शब्दही तोच आहे आणि मागण्याची तऱ्हाही ओळखीची वाटेल.

पांथस्थ:
वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर लाल समुद्रावरच्या बेरेनिके या प्राचीन बंदरात आहे. तिथल्या उत्खननात एका देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, सागवान सापडले आणि २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. एक संस्कृत शिलालेख आणि दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणीही तिथलीच आहेत. ज्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात, त्याच व्यापाराचे हे दुसरे टोक होय. बेरेनिके तुमच्या वाटेपासून फार दूर, दक्षिणेला आहे, तेव्हा तिथे जाण्याचा विचार सोडा. मात्र तो माल उंटांवरून बारा दिवस वाळवंट तुडवून नाईलकाठच्या कॉप्टोस या गावी येत असे आणि तिथून होड्यांनी अलेक्झांड्रियाला जात असे. कॉप्टोस म्हणजे आजचे किफ्त. लक्सरच्या चार दिवसांपैकी एका सकाळी डेंदेराचे देऊळ पाहायला जा. गाडी नदीच्या पूर्व काठाने न्यायला सांगितली, तर किफ्त वाटेतच लागते. थांबून पाहण्यासारखे तिथे फारसे नाही, पण वडिलांना खिडकीजवळ बसवा.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. अलेक्झांड्रिया आणि हुरघाडा खोडले आहे. क्रूझ अस्वानहून लक्सरकडे येणारी, तीन रात्रींची घेऊ. त्यापुढे लक्सरला तीन दिवस उरतात, त्यात डेंदेरा बसते. अबू सिंबेलला वडील आणि मी जाऊ. वडिलांनी किफ्तचे नाव डायरीत लिहून घेतले असून शाळेचा जुना नकाशा माळ्यावरून काढायला लावला आहे. आईचा एकच प्रश्न आहे: अंबाडीचे ते सरबत बिनसाखरेचे मिळते का? तिला मधुमेह आहे.

खलबत्ता:
मिळते, पण सांगावे लागते, कारण एरवी ते पाकासारखे गोड असते. "मिन घेर सुक्कर" असे म्हणायला शिकवा. सुक्कर म्हणजे आपली साखरच, त्यामुळे आईंच्या लक्षात राहील.