मोबाइलसमोर घेतलेले प्रभुभोजन: आईला काय सांगावे?

प्रश्न (पुणे)

सर्वांना जय ख्रिस्त. माझी आई ८२ वर्षांची असून खुब्याचे हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडू शकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या मंडळीची उपासना मोबाइलवर दिसू लागली. तेव्हापासून दर रविवारी ती धुतलेली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन आणि पवित्र शास्त्र मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीसाठी, ती वाटीत पोळीचा तुकडा आणि पेल्यात द्राक्षरस घेते, आणि पाळकसाहेब भाकर मोडतात त्याच क्षणी स्वतःही मोडते. अलीकडे मंडळीतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने तिला सांगितले की याला प्रभुभोजन म्हणता येणार नाही. त्यानंतरच्या महिन्यात आईने वाटी पुढे घेतलीच नाही. पाळकसाहेबांना घरी बोलवू या, असे मी म्हटले, तर ‘एका म्हातारीसाठी त्यांना कशाला त्रास’ एवढेच तिचे उत्तर. मी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त पाळक, अहिल्यानगर)

आपल्या मातोश्रींची भक्ती खरी आहे, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. तरीही, पडद्यासमोर ठेवलेली भाकर आणि मंडळीच्या मेजावरून आलेली भाकर या दोन गोष्टी मी एक मानत नाही. सुमारे १५५ साली जस्टिन मार्टर या प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्याच भोजनातील वाटा घेऊन जात, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाने स्वतःची सोय स्वतः करायची नसून मंडळीने त्याच्या दारी जायचे, ही रीत इतकी जुनी आहे.

त्रासाविषयी म्हणाल, तर पवित्र शास्त्रातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्यांना वाचून दाखवा. दुखणाइताने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, असे तिथे सांगितले आहे. बोलावणे हे त्या आजारी माणसाचेच काम आहे. माझ्या सेवेच्या काळात अशा घरभेटींनी माझाच विश्वास अनेकदा सावरला. पाळकाला निरोप न पाठवून आपण त्याचे ओझे हलके करत नाही.

उत्तर २ (वसई)

आम्हा कॅथलिकांमध्ये या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. इंटरनेटवर प्रभुभोजनासारखे पवित्र संस्कार होत नाहीत, असे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. टाळेबंदीतही पडद्यावरची मिस्सा (आमची उपासना) पाहणाऱ्यांनी पोप फ्रान्सिस यांच्यासोबत आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर प्रत्यक्ष न घेता प्रभूला मनाने स्वीकारण्याची, प्रार्थना केली, घरात भाकर मांडली नाही. आजाऱ्यांकडे मात्र धर्मगुरूंप्रमाणे नेमलेले प्रापंचिकही (धर्मगुरू नसलेले सामान्य श्रद्धावंतही) कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, घेऊन जाऊ शकतात. १९७३ पासून ही मुभा सर्वत्र आहे. आपल्या मंडळीत अशी काही व्यवस्था आहे का, हे विचारून पाहावे.

उत्तर ३ (नागपूर)

अहिल्यानगरच्या पाळकसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्या वडीलधाऱ्यांचे वागणे मान्य नाही. चूक दाखवायची, तर त्याच भेटीत ‘येत्या रविवारी आम्ही येतो’ असेही म्हणायला हवे होते. माझे वडील चार वर्षे अंथरुणावर होते आणि त्यांना भाकरीपेक्षा माणसांची उणीव अधिक जाणवत असे. आणखी एक सांगते. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या प्रभुभोजनाचा स्वतंत्र विधी आहे, आणि त्यात आजाऱ्याबरोबर आणखी किमान दोघांनी भाग घ्यावा, अशी अपेक्षा आहे. त्याच ठिकाणी असेही लिहिले आहे की आजारपणामुळे ज्याला तोंडाने घेता येत नाही, पण जो खरा पश्चात्ताप करून विश्वास धरतो, तो आत्म्याने ते भोजन घेतच असतो. गेल्या काही वर्षांत आईने मोडलेली भाकर वाया गेली नाही, हे तिला याच आधारावर सांगा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. याकोबाचे पत्र मी आईसमोर मोठ्याने वाचले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने स्वतःच पाळकसाहेबांना फोन लावायला सांगितला. ते शनिवारी सायंकाळी येणार आहेत. किमान दोघांची गोष्ट ऐकल्यावर तिने शेजारच्या दोन भगिनींनाही निरोप धाडला आहे आणि कोणते गीत म्हणायचे ते आतापासून शोधते आहे. रविवारचा मोबाइल मात्र तिला हवाच आहे. तो मी बंद करणार नाही.