हुकूम कधी द्यायचा, विचारायचं कधी? (मशीन शॉप, वडोदरा)

मांडवी_सुपरवायझर: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्हच्या पार्टचं मशीन शॉप. हाताखाली ११ जण: चार अप्रेंटिस, पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर आणि लेथवर पंचवीस वर्षं काढलेले दोन टर्नर. अप्रेंटिसना मोकळं सोडलं की रिजेक्शन (बाद माल) वाढतं, टर्नरकाकांना तासातासाला विचारलं की ते तोंड फिरवतात. माणूस बघून वागावं, तर "याचे लाडके वेगळे" ऐकावं लागतं.

गेज_ब्लॉक: माणूस नव्हे, काम बघून बदला. व्यवस्थापनाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ साली हेच मांडलं: समोरच्याची *त्या कामातली* तयारी किती, त्यावर पद्धत ठरते. काका लेथवर गुरू, पण सीएनसीच्या ऑफसेटमध्ये (हत्याराच्या मापाची दुरुस्ती भरण्यात) अप्रेंटिसइतकेच नवखे. तिथे वयाचा मान राखून गप्प बसलात, तर ०.०५ मिमीच्या जागी ०.५ दाबलं जातं आणि जॉब भंगारात.

अप्रेंटिसला "नीट कर" म्हणणं ही सूचनाच नव्हे. असं सांगा: "इन्सर्ट (कापणारी पात) बदललास की एकच पीस काढ, मायक्रोमीटरने दोन जागी माप, मला दाखव. मग पुढचे पाच मोज, नंतर दर दहावा." आणि हे त्याच्याकडून परत वदवून घ्या, मान सगळेच डोलावतात. तीन शिफ्ट पहिला पीस बरोबर आला की दाखवायची अट काढा, पण काढली हे तोंडाने सांगा.

काकांसमोर ड्रॉइंग ठेवा आणि विचारा, "काका, आ जॉब केवी रीते पकडीशुं?" (हा जॉब कसा पकडायचा?) पातळ रिंग चकच्या (लेथवर जॉब पकडणारा भाग) तीन जबड्यांत आवळली की सुटल्यावर बोअर (आतलं भोक) गोल राहत नाही. ते सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेतलेले मऊ जबडे) मागतील. लगेच द्या. विचारून ऐकायचं नसेल, तर विचारूच नका.

रावपुरा_क्यूसी: वरच्यात एक भर. "काका, तुम्ही बघून घ्या" म्हणजे काम सोपवणं नव्हे, अंगावरचं झटकणं. फीड, स्पीड, पकड त्यांची. टॉलरन्सबाहेरचा (मापात चालणाऱ्या फरकापलीकडचा) पीस चालवायचा का, हे त्यांचं नाही, तुमचंही नाही, क्यूसीचं (माल तपासणाऱ्यांचं). ११ आणि ४ वाजता बघणार असं ठरवा, अधेमधे डोकावू नका.

लाडक्यांचं म्हणाल तर नियम बोर्डावर लिहा: मशीन नवं, तर पहिले आठ दिवस चेकलिस्ट, काकांनाही.

मांडवी_सुपरवायझर: आणि शनिवारी डिस्पॅच असला की? तेव्हा तर ओरडावंच लागतं.

गेज_ब्लॉक: डिस्पॅच म्हणजे आग नव्हे. चकमध्ये बाही अडकली, क्रेनवरचा लोड डुलायला लागला, तिथे एकच आवाज: "इमर्जन्सी दाब!" चर्चा नंतर. डिस्पॅचला शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं पुरतात. उभ्याउभ्या विचारा, माल कुठल्या मशीनवर तुंबलाय, कोण कुठे हलू शकतो. मग तुम्ही ठरवा, आणि त्या दिवसापुरतं तेच अंतिम.

रोज ओरडण्याचा तोटा वेगळाच. मानसशास्त्रज्ञ लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगात हुकूमशाही गटाचं काम प्रमुख खोलीबाहेर गेला की ढेपाळायचं. विचारून चालणाऱ्या गटाचं चालू राहायचं. तुम्ही रजेवर असता त्या दिवसाचं रिजेक्शन रजिस्टर काढा आणि नेहमीच्या दिवसाशी ताडून बघा.