तंगूस की ब्रेडेड? हिडकलला लांब टाकणाऱ्यांनी मत द्या

घटप्रभाकाठ:
घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाच्या काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी हा धागा. माझं मत सरळ आहे. 50-60 मीटर लांब टाकायचं असेल तर नायलॉनचा एकपदरी तंगूस सोडा, ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची वेणीसारखी विणलेली लाईन घ्या. कारण लाईनचं लांबणं. नायलॉन तुटायला येईपर्यंत 20 ते 30 टक्के लांबतो, ब्रेडेड जेमतेम 3 ते 5 टक्के. तुटायची वेळ रोज येत नाही, मान्य. पण 0.35 मिलिमीटरचा तंगूस दोन किलोच्या ओढीला 8-10 टक्के लांबतोच. म्हणजे 60 मीटरवर पाच-सहा मीटर! इकडं आपण रॉडला झटका मारतो, तो तंगुसातच जिरतो. गळाच्या टोकाला काय पोचणार? मासा आमिष चाखून थुंकतो आणि आपण म्हणतो, आज मासाच नाही. ब्रेडेडवर शिसं तळाच्या खडकाला घासलेलंही बोटाला कळतं.

मलप्रभेचा गडी:
दादा, मरळीबद्दल बोलत असाल तर तुमचं खरं. तिचा जबडा हाडाचा, झटका जोरातच बसायला पाहिजे. पण हिडकलला माणसं जातात ती राहू-कटल्यासाठी. राहूचे ओठ मऊ असतात. काठाजवळ आला, माणूस दिसला की तो एकदम खाली मुसंडी मारतो. त्या वेळी बाहेर लाईन असते पाच-सात मीटर, तीही न लांबणारी. ओठ फाटतो, गळ रिकामा येतो. तंगूस तेवढ्यात थोडा लांबतो आणि मासा राहतो.

दुसरं, आमच्या खानापूरकडं नदीत खडकच खडक. ताणलेली ब्रेडेड खडकाच्या धारेला लागली की गेलीच. जाड तंगूस बराच घासला तरी टिकतो.

घटप्रभाकाठ:
मुसंडीला ढील देणं हे रिळाच्या ड्रॅगचं, म्हणजे ओढ वाढली की लाईन सोडणाऱ्या ब्रेकचं काम आहे, लाईनचं नाही. ड्रॅग सैल ठेवा, रॉड मऊ घ्या. लाईन लांबते म्हणून मासा वाचतो, मग तीच लाईन लांब अंतरावर मासा लागूच देत नाही त्याचं काय? आधी मासा गळाला लागू दे, ओठाचं मग बघू.

अंकलीचा हातगळवाला:
रीळ असलेल्यांचं चाललंय हे. आमच्याकडं कृष्णेच्या काठाला अजून किती तरी जण लाकडाच्या तुकड्याला नाहीतर बाटलीला तंगूस गुंडाळून हातानंच टाकतात. त्यांना कुठला ड्रॅग आणि कुठला रॉड? तिथं लवचिकपणा असतो तो फक्त तंगुसाचा आणि हाताचा. ब्रेडेड हातात धरून मोठा कटला ओढून बघा, तळहात चिरतो. ओली, बारीक आणि जराही न लांबणारी लाईन, सुरीच ती. नवीन पोरांना 'तंगूस सोडा' म्हणून सांगू नका, एवढीच विनंती.

निपाणीकर मास्तर:
घटप्रभाकाठ टक्केवारी सांगताहेत, पण टक्केवारी कशाची हे आधी ठरवा. एकाच ओढीला जाड तंगूस कमी लांबतो, बारीक जास्त. म्हणून तुलना करताना तुटण्याची ताकद सारखी घ्यायची. तीही पाकिटावर छापलेली नाही, वजनकाट्यावर ओढून बघितलेली. ब्रेडेड छापल्यापेक्षा बऱ्याचदा जास्त वजन धरते.

आमच्या परड्यात मी असं करतो. लाईन रात्रभर बादलीत भिजत घालायची, कारण नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की आणखी लांबतो; कोरड्या लाईनवरचं माप नदीत लागू पडत नाही. सकाळी दहा मीटर मोजून एक टोक खांबाला, दुसरं स्प्रिंगच्या काट्याला. ओढ न देता तिथं पहिली खूण करायची. मग काटा हळूहळू एक किलो, नंतर दोन किलोवर न्यायचा आणि प्रत्येक वेळी जमिनीवर चुन्याची खूण करायची. मग ओढ सोडून बघायचं, टोक पहिल्या खुणेवर परत येतं का. ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच कुणी बघत नाही.

सदलगा_01:
सर, मग फ्लुरोकार्बनची लाईन? पाकिटावर 'लांबत नाही' असं छापलेलं असतं.

निपाणीकर मास्तर:
लांबतो की. तुटायच्या वेळेपर्यंत जवळपास नायलॉनइतकाच. हलक्या ओढीला जरा ताठ वाटतो, पाणी पीत नाही, जड असल्यामुळं बुडतो, म्हणून चावा चांगला कळतो. पण एकदा जास्त ताणला की पहिल्या खुणेवर परत येत नाही, ताणलेलाच राहतो आणि तिथून कमजोर होतो. बुडलेल्या झाडात अडकून जोरात ओढला असेल तर तेवढा तुकडा कापून टाका. पाण्यात कमी दिसतो हे त्याचं खरं काम. ते टोकाच्या दीड-दोन मीटरला पुरे, अख्खं रीळ भरायची गरज नाही.

मलप्रभेचा गडी:
म्हणजे मागं ब्रेडेड आणि पुढं पाच-सहा मीटर जाड तंगूस जोडला तर? खडकालाही तोच लागेल.

घटप्रभाकाठ:
जोडा की, मी पण जोडतो. पण त्यानं लांबणं परत आलं असं समजू नका. सहा मीटर जाड तंगूस दोन किलोला हातभरही लांबत नाही. तो खडकासाठी आहे, ओठासाठी नाही. ओठासाठी ड्रॅगच.

मलप्रभेचा गडी:
इथं मला पटत नाही. ड्रॅग फिरायला लागताना अडतो. फिरत ठेवायला लागते त्यापेक्षा सुरू व्हायला जास्त ओढ लागते, त्यात रिळात माती गेलेली असली तर बघायलाच नको. राहूचा ओठ त्या पहिल्या धक्क्यालाच फाटतो. त्या धक्क्यापुरता हातभर लांबला तरी पुष्कळ झालं.

अंकलीचा हातगळवाला:
जोडणीची गाठ कुठली मारता तेही लिहा दोघांनी. ब्रेडेड गुळगुळीत, साध्या गाठीतनं सरकते. आणि अडकलेली ब्रेडेड काठावरनं कापून तशीच पाण्यात सोडू नका. बगळ्याच्या पायात गुंतली की त्याच्यानं ती तुटत नाही.