‘द स्टेअरकेस’: माहितीपटापेक्षा मालिकाच प्रामाणिक वाटली

काळा चहा

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ‘द स्टेअरकेस’ची नाट्यमालिका (एचबीओ मॅक्स, २०२२, आठ भाग) त्याच नावाच्या माहितीपटापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. संवाद रचलेले असूनही.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ डिसेंबर २००१, नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम. मायकेल पीटरसन हा कादंबरीकार उत्तररात्री आपत्कालीन सेवेला फोन करतो: बायको जिन्यावरून पडलीय, अजून श्वास चालू आहे. कॅथलीन जिन्याच्या पायथ्याशी रक्तात पडलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला सात जखमा, पण कवटी शाबूत. सरकारी पक्ष म्हणाला मारलं, बचाव पक्ष म्हणाला पडली. २००३मध्ये जन्मठेप, २०११मध्ये नव्यानं खटला चालवायचा आदेश, २०१७मध्ये ‘आल्फर्ड प्ली’ नावाची तडजोड आणि स्वारी मोकळी.

माहितीपट जाँ-झाविए द लेस्ट्राद या फ्रेंच दिग्दर्शकाचा. २००४मध्ये आठ भाग, पुढे भर पडत २०१८ला नेटफ्लिक्सवर तेरा. बचावाचे वकील डेव्हिड रुडॉल्फ डावपेच कसे आखतात, घरातली माणसं आपसात काय बोलतात, हे सगळं आपण त्यांच्यात बसून बघतो. गोम तिथेच आहे. ज्यांनी दार उघडलं त्यांचंच घर दिसतं. सरकारी वकील, कॅथलीनची बहीण, आधी सावत्र वडिलांच्या बाजूनं असलेली आणि नंतर विरोधात गेलेली कॅथलीनची मुलगी, ही मंडळी जास्त करून कोर्टात भेटतात. आणि कॅथलीन? ती फक्त फोटोंमध्ये.

मालिकेत टोनी कोलेटनं तिला जिवंत केलंय. नॉर्टेलमध्ये मोठ्या हुद्द्यावरची बाई, कंपनीत नोकरकपात चाललेली, घरी एवढा मोठा पसारा. वैतागते, हसते, वाइन पिते. पहिल्यांदाच मला वाटलं की इथे कुणीतरी मेलंय. माहितीपटाचे तेरा भाग बघून पीटरसनचा पाइप लक्षात राहिला होता.

टवाळ

अहो काळा चहा, कोलेट ग्रेट आहे हे मान्य. पण ते बोल कॅथलीनचे नाहीत, लेखकांच्या खोलीत बसून लिहिलेले आहेत. ती नवऱ्याशी कशी बोलायची, त्या रात्री काय म्हणाली, कुणाला ठाऊक? तुम्हाला जी कॅथलीन ‘भेटली’ ती आहे मालिकेचे कर्ते अँतोनियो कॅम्पोस यांची. मेलेल्या बाईला नवीन स्वभाव बहाल करायचा आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं?

आणि जिवंत माणसांचं काय? माहितीपटाची संकलक सोफी ब्रुने. मालिकेत ज्युलिएट बिनोश हीच भूमिका करते, खऱ्या नावानं. संकलन करता करता ती पीटरसनच्या प्रेमात पडते आणि ते संकलनात उतरतं, असं दाखवलंय. लेस्ट्राद आणि ब्रुने दोघंही म्हणतात की पत्रव्यवहार आणि नातं तिचं ते काम संपल्यानंतरचं. लेस्ट्रादनं विश्वासानं आपलं चित्रीकरण यांना बघू दिलं होतं, त्याला फसवल्यासारखं वाटलं तर नवल काय. मनाचेच प्रसंग लिहायचे असतील तर नावं बदला की!

काळा चहा

टवाळराव, क्रम मागेपुढे केला हे चूकच, त्याला माझा पाठिंबा नाही. पण नातं होतं की नव्हतं? होतं, आणि बरीच वर्षं. तेरा भागांत प्रेक्षकाला त्याचा पत्ता तरी लागतो का? ज्या माहितीपटाची संकलक पुढे आरोपीची जोडीदार झाली, तिथे ‘आम्ही फक्त जे घडलं ते दाखवतो’ हा आव चालत नाही.

मालिका निदान उघड सांगते की कॅमेऱ्यामागेही माणसं आहेत. माहितीपटवाल्यांनाच पात्र करून टाकलं, हे मला तिचं सगळ्यात धीट पाऊल वाटतं.

पुढची_तारीख

वकिली पेशातला आहे, त्यामुळे पीटरसन झालेल्या कॉलिन फर्थचा अभिनय वगैरे बाजूला ठेवतो. माहितीपटाचं एक काम मालिकेला जमलेलं नाही: पुरावा उभा राहताना आणि कोसळताना दाखवणं.

ड्वेन डीव्हर, राज्याच्या तपास यंत्रणेचा रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ. रक्तात भिजवलेल्या स्पंजावर फटके मारून, उडालेले थेंब घरातल्या डागांशी जुळतात असं ज्यूरीपुढे सांगणारा. २००४च्या भागांतच हे बघताना कपाळाला आठ्या पडतात. २०१०मध्ये त्याच प्रयोगशाळेची चौकशी झाली आणि दोनशेहून जास्त प्रकरणांत आरोपीच्या फायद्याचे निष्कर्ष दडपल्याचं किंवा मोघम लिहिल्याचं निघालं. ग्रेग टेलर नावाचा माणूस अशाच एका प्रकरणात सुमारे १७ वर्षं आत होता. डीव्हरची नोकरी गेली आणि न्यायाधीश ऑर्लँडो हडसन यांनी पीटरसनला नवा खटला दिला.

मालिकेत हे उरकून टाकलंय, कारण प्रयोगशाळेपेक्षा शयनगृह जास्त विकतं. स्पष्टच बोलतो.

आणि माहितीपट बचावाच्या बाजूनं झुकतो हा आक्षेप नेहमीचा आहे. झुकतोच. नानावटी खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकही आरोपीकडे झुकलं होतं, ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि उच्च न्यायालयानं ते फिरवलं. पण इथे सरकारी पक्षाकडे पोलीस, प्रयोगशाळा, सगळी यंत्रणा होती. दुसऱ्या बाजूला एक कॅमेरा गेला तर एवढा थयथयाट कशाला?

केरीची कैरी

मी डरहॅमशेजारीच केरीला राहते. इथे आसपास मराठी घरं भरपूर, आणि कुणाकडे जेवायला गेलं की हा विषय निघतोच. मालिका बरीचशी अटलांटाकडे चित्रित झालीय, ते आम्हाला लगेच कळतं. असो.

वकीलसाहेब, यंत्रणेचं पटलं, पण ‘सरकारी पक्षाकडे सगळं होतं’ म्हणून प्रेक्षकाला अर्धीच गोष्ट सांगायची? एलिझाबेथ रॅटलिफचंच घ्या. १९८५ साली जर्मनीत पीटरसन कुटुंबाची ही मैत्रीणही जिन्याच्या पायथ्याशीच मेलेली सापडली होती. तिच्या दोन मुलींना पीटरसननंच वाढवलं. २००३मध्ये टेक्ससमधून तिचं दफन उकरून पुन्हा शवविच्छेदन झालं, आणि डॉक्टरांनी घातपात म्हटलं. माहितीपटात हे सगळं आहे, नाही असं नाही, पण आपण ते ऐकतो रुडॉल्फच्या कपाळावरच्या घामातून: आता हे कसं निस्तरायचं? मालिकेत त्या दोन मुलींच्या चेहऱ्यांवरून कळतं. आईचं दफन उकरायला परवानगी द्यायची, आणि ज्यानं वाढवलं त्याच्यावरच संशय. मला तिथे मालिका बंद करून जरा बाहेर जावं लागलं.

निशाचर

घुबडाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. हसू नका. शेजारच्या एका वकिलानं मांडलेला तर्क असा की घराबाहेर घुबडानं डोक्यावर झडप घातली, ती रक्तबंबाळ आत आली आणि जिन्यात कोसळली. डोक्यावरच्या चिरा पंजासारख्या, कवटी न फुटणं, आणि केसांत सापडलेला पिसाचा सूक्ष्म तुकडा. त्या भागातली घुबडं खरंच माणसांवर हल्ले करतात.

लेस्ट्रादच्या मूळ भागांत याला जागा नाही. मालिकेनं तो प्रसंग करून दाखवला. पडणं, मारहाण, घुबड, तिन्ही शक्यता कोलेटनं अंगावर घेतल्यात.

टवाळ

म्हणजे एका बाईला पडद्यावर तीनदा मारलं. प्रत्येक वेळी पूर्ण तपशिलात, विव्हळण्यासकट. तिची बहीण, मुलगी अजून आहेत हो. काळा चहा, तुम्ही म्हणालात ‘इथे कुणीतरी मेलंय असं वाटलं’. वाटावं म्हणून किती वेळा मारायचं?

काळा चहा

हा प्रश्न बोचला, उत्तर देते. एकदाच दाखवलं असतं तर मालिकेनं निकाल दिला असता. तीनदा दाखवल्यामुळे प्रत्येक शक्यता किती वेळ चालली असेल, तिला किती कळलं असेल, हे बघावं लागतं. वकिलांच्या तोंडी ‘पडली’ हा शब्द फार स्वस्त होता. कोलेटला जिन्यात धडपडताना बघितल्यावर मला ‘पडली’सुद्धा भयंकर वाटलं.

तरी बहिणीच्या जागी मी असते तर बघितलं नसतं, हेही खरं.

हळदीकुंकू_नको

मधेच एक शंका. ही आल्फर्ड प्ली म्हणजे नक्की काय? दोन्हीकडे बघूनही डोक्यात शिरलं नाही. आपल्याकडे चालेल का?

पुढची_तारीख

आरोपी म्हणतो: मी गुन्हा कबूल करत नाही, पण सरकारकडचा पुरावा बघता ज्यूरी मला दोषी धरू शकते, म्हणून तडजोड मान्य. कागदावर मात्र दोषीच. पीटरसननं सदोष मनुष्यवधासाठी ही तडजोड केली, आणि आधी भोगलेली शिक्षाच पुरेशी ठरली.

आपल्याकडे गुन्हा नाकारून अशी तडजोड होत नाही. शिक्षेबाबतच्या तडजोडीची तरतूद २००६पासून लागू आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांना ती मिळत नाही. हे प्रकरण पुण्यात घडलं असतं तर एक तर दोषी, नाहीतर निर्दोष. आणि अपील अजून चालू असतं.

टवाळ

आणि त्यावर तीन मालिका येऊन गेल्या असत्या.