डबल ईगल: दहा नाणी सरकारजमा झाली, त्यात अन्याय कसला?

जुनी मोहर (धागाकर्ता)

कालपासून एक पोस्ट फिरतेय. अमेरिकेत एका बाईंना वडिलांच्या लॉकरमध्ये दहा जुनी सोन्याची नाणी सापडली, खरी की खोटी बघायला त्यांनी टांकसाळीत दिली आणि सरकारने ती ढापली. तसलंच एक नाणं २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरला, म्हणजे आपल्या १३८ कोटींच्या आसपास गेलं. खाली सगळ्यांचा एकच सूर, सरकार म्हणजे दरोडेखोर. वाचून राहवलं नाही म्हणून हा धागा.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९३३ मध्ये वीस डॉलरची, म्हणजे 'डबल ईगल' म्हणतात ती, ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली. त्याच एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने लोकांकडचं सोनं जमा करायचा हुकूम काढला, त्यामुळे ही नाणी चलनात आलीच नाहीत. दोन स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, बाकीची १९३७ पर्यंत वितळवली. मग बाहेर दिसणारं प्रत्येक नाणं आलं कुठून? मागच्या दाराने! आणि हे वडील म्हणजे इझ्राएल स्विट, त्याच गावचा सराफ. १९४४ मध्ये अर्थखात्याच्या तपास यंत्रणेने, सीक्रेट सर्व्हिसने, विचारल्यावर नऊ नाणी विकल्याचं त्याने कबूल केलं, पण आणली कुठून हे सांगेना. २००३ मध्ये त्याच्याच घराण्याच्या लॉकरमधून आणखी दहा निघाली. चोरीचा माल दोन पिढ्या कुलपात ठेवला म्हणून वडिलोपार्जित होत नाही.

सह्यकडा

इतकं सरळ असतं तर याच १९३३ च्या नाण्यांपैकी राजा फारूकचं नाणं वेगळं कसं ठरलं? इजिप्तच्या त्या राजाला फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानेच निर्यात परवाना दिला. आधी नाणं स्मिथसोनियनला दाखवून घेतलं. महिनाभरात जाग आली की अरे, हे तर चोरीचं! १९५२ मध्ये फारूकची गादी गेली, १९५४ मध्ये कैरोच्या कुब्बा राजवाड्यात त्याचा संग्रह लिलावाला निघाला. अमेरिकेने हरकत घेतली, नाणं यादीतून काढलं आणि ते गायबच झालं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात गिऱ्हाईक बनून आलेल्या अधिकाऱ्यांनी एका ब्रिटिश व्यापाऱ्याला नाण्यासकट धरलं.

आणि पुढे? २००१ मध्ये तडजोड, २००२ मध्ये लिलाव. ७५ लाख ९० हजार डॉलर आले, ते सरकारने आणि व्यापाऱ्याने निम्मे निम्मे वाटून घेतले. वर वीस डॉलर वेगळे, नाणं अधिकृत चलन करण्यासाठी! ज्याला चोर म्हणून बेड्या घातल्या त्याच्याशीच भागी. त्या बाईंना मात्र दमडी नाही. हा न्याय?

वकीलीण

फरक परवान्याचा आहे. फारूकच्या नाण्यावर सरकारचीच सही होती, कोर्टात ती अंगलट आली असती, म्हणून तडजोड. स्विटच्या नाण्यांवर कागदाचा चिटोराही नाही. त्या बाई कोर्टात गेल्या, २०११ मध्ये ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला. २०१५ मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला, तो सरकारने जप्तीचा दावा लावायची मुदत पाळली नाही म्हणून. नाणी चोरीची नव्हती असं काही त्यात ठरलं नाही. २०१६ मध्ये पूर्ण पीठाने तोही उलटवला आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हात लावायला नकार दिला.

सह्यकडा

ताई, मुदत चुकवली ही तुम्हाला बारीकसारीक बाब वाटते? आपण रिटर्न एक दिवस उशिरा भरून बघावं. शिवाय नाणी मार्चच्या मध्यापासून पडत होती, हुकूम एप्रिलचा. मधल्या काळात टांकसाळीच्या खिडकीवर कोणी जुनं नाणं देऊन नवं नेलं नसेल कशावरून?

वकीलीण

टांकसाळीच्या वह्यांवरून. एकही नाणं त्या खिडकीतून दिल्याची नोंद नाही आणि हा मुद्दा ज्यूरीपुढे मांडून झाला आहे.

पेणकर

तुम्ही सगळे तारखांत अडकलात. मुळात सोन्यावर सरकारने हात टाकायचाच का? रूझवेल्टने लोकांकडून औंसाला २०.६७ डॉलरने सोनं घेतलं आणि वर्षाच्या आत भाव ३५ केला. दरोडा तो होता!

आमच्याकडे जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही असं फर्मान काढलं. माझे आजोबा वज्रटीक आणि मोहनमाळ घडवायचे. चौदा कॅरेटचं सोनं कडक, बारीक मणी ओढताना तडकायचं. ते फुंकणी घेऊन बागेश्वरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसून राहायचे आणि एकही गिऱ्हाईक यायचं नाही. शेवटी तराजू आणि ठसे मोडीच्या भावाने विकून मुंबईत दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला गेले. ऐरण तेवढी आजीने विकू दिली नाही. आम्हाला सरकारचं प्रेम शिकवू नका.

जुनी मोहर

पेणकर, आजोबांचं वाचून वाईट वाटलं, पण धागा नाण्याचा आहे. घरातला दागिना मोरारजींनीही काढून नेला नव्हता. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलन नाही, सोनं सगळं तस्करीचं.

पेणकर

आणि नियम आल्यावर तस्करी थांबली? उलट वाढली! १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द करावा लागला. मेले ते सोनार. आत्महत्यांच्या बातम्या आमच्या घरी कोणी मोठ्याने वाचायचं नाही. तुमच्यासाठी 'परकीय चलन' हे दोन शब्द, आमचा धंदा गेला.

सराफकट्टा

पेणकरांशी शंभर टक्के सहमत. आमचे काका त्याच काळात घडणावळ सोडून रेशन दुकानात लागले. आणि सोनाराला कोणी कर्जसुद्धा देईना.

वकीलीण

चौदा कॅरेटचा नियम वाईट होता, मान्य. त्याने कारागीर मोडला. पण तुमच्या आजोबांनी टांकसाळीतून सोनं उचललं नव्हतं. त्यांची आणि स्विटची बरोबरी तुम्हीच करताय, आणि ती आजोबांवर अन्याय आहे.

पेणकर

बरोबरी करत नाही. रूझवेल्टचा हुकूम निघाला म्हणून नाणं दुर्मिळ झालं, नाहीतर वीस डॉलरला वीस डॉलर, कोण विचारतं! सरकारच भाव वाढवतं आणि सरकारच मालक होतं, एवढंच म्हणणं आहे.

जुनी मोहर

त्याच हुकमात संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना आणि माणशी शंभर डॉलरपर्यंतच्या सोन्याला सूट होती, हे पोस्टवाल्याने लिहिलं नाही. पण भाव ३५ करण्याबद्दलचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही, तेवढं सोडून देतो. दहा नाण्यांचं मात्र नाही. ज्याने उचलली त्याची ती नव्हती, म्हणून त्याच्या मुलीचीही नव्हती.

सह्यकडा

नव्हती तर नव्हती. पण मग फारूकच्या नाण्याचे निम्मे पैसेही सरकारने घ्यायला नको होते. यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.