मदत हवी आहे: बाबांना संध्याकाळची सोबत

बाबा 74 वर्षांचे, कोल्हापुरात राजारामपुरीत एकटेच असतात. तब्येत ठीक, फक्त गुडघे दुखतात. जिने नकोत, रिक्षाने जाऊ शकतात. दिवसभराची बाई ठेवून पाहिली. स्वयंपाक, औषधं सगळं चोख, पण बाबा म्हणाले, "घरात माणूस आहे, सोबत नाही." हा फरक कळायला मला महिना लागला! रंकाळ्यावरचा सकाळचा कट्टा पायांमुळे सुटला. करवीर नगर वाचन मंदिराचं (1850 सालचं, बाबांचं लाडकं) सभासदत्व घेतलं, तर पुस्तक घेऊन लगेच घरी. फोनवर रमत नाहीत. कुस्तीचा विषय निघाला की मात्र थांबत नाहीत. राजारामपुरी-शाहूपुरीकडे संध्याकाळी 5 ते 7 समवयस्कांचा, बसून गप्पांचा कट्टा कुठे भरतो? आणि नवख्याला सामावून घेतात का?